नवा कोळी कसा जाहीर करावा : खानदेशातल्या होतकरूंसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम अभिनंदन. बांधावरच्या बोरीत तुम्हाला एक कोळी दिसला, मोबाईलवर त्याचा बरा फोटो आला, गुगलवर तसा दुसरा सापडला नाही, आणि ‘जळगावच्या तरुणाने लावला कोळ्याच्या नव्या प्रजातीचा शोध’ ही बातमी तुमच्या मनात तीन कॉलमांत छापूनही झाली. कॉलेजचा सत्कार, शाल-श्रीफळ, चौकातला फ्लेक्स, फ्लेक्सच्या मधोमध नगरसेवक आणि एका कोपऱ्यात कोळी, हे सगळं ठरल्यातच जमा आहे. आता किरकोळ भाग तेवढा राहिला : हा कोळी खरोखर नवा आहे हे दाखवायचं. ही मार्गदर्शिका त्या किरकोळ भागाविषयी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. नवा कोळी दिसणं तितकंसं अवघड नसतं. अवघड असतं ते वेगळंच : गेल्या अडीचशेहून जास्त वर्षांत जगात कुठेही, कोणीही, कुठल्याही भाषेत याच कोळ्याला आधीच नाव देऊन ठेवलेलं नाही, याची खात्री पटवणं. थोडक्यात, शोधायचा असतो तो जुना कोळी. सगळीकडे धुंडाळूनही तो हाती लागला नाही, तरच तुमचा कोळी नवा. हे वाचून उत्साह ओसरला असेल तर इथेच थांबावं. फोटो चांगला आहे, स्टेटसला ठेवावा.

साहित्य

डोक्याला बांधायचा टॉर्च, घट्ट झाकणाच्या काचेच्या छोट्या बाटल्या, सत्तर टक्के अल्कोहोल, शिसपेन्सिल, जाड कागद, भिंग, आणि रात्री नऊ ते बारा शेतात काय करता याचं घरच्यांना पटेल असं उत्तर. अल्कोहोलचं नाव काढल्यावर मित्रमंडळी मदतीला धावून येतील. त्यांना परत पाठवा.

हंगाम

मे महिन्यात निघू नका. भुसावळच्या बाजूला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो; कोळी आपापल्या कोषांत किंवा पिल्लांच्या रूपात असतात आणि हाती लागतो तो उष्माघात. गोल जाळी विणणारे बहुतेक कोळी वयात येतात ते पाऊस मुरल्यावर. पोळा झाला की डोळे उघडे ठेवायचे, नवरात्रापर्यंत हंगाम भरात येतो. दिवाळीच्या साफसफाईत झाडू फिरला म्हणून हळहळू नका. घराच्या छताच्या कोपऱ्यातली जळमटं बहुधा फोल्सिडी कुळातल्या लांबलांब पायांच्या कोळ्यांची असतात, त्यांच्यात गोल जाळ्याची रेखीव रचना नसते. आपलं काम गोल जाळी विणणाऱ्या ॲरेनिडी कुळाशी, आणि ते बहुतांशी घराबाहेर.

जागा

पाटणादेवीचं जंगल, यावल अभयारण्यातला पालचा परिसर, शिरपूरकडचं अनेर धरण, धुळ्याजवळचं लळिंगचं कुरण ही नावं तुमच्या मनात आलीच असतील. छान जागा आहेत. मात्र अभयारण्यातून परवान्याशिवाय काडीही उचलायची नसते, मग कोळी कुठला. वन्यजीव विभागाच्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे. अर्ज करा, सोबत मार्गदर्शक प्राध्यापकांचं पत्र जोडा आणि दरम्यान एखादी नोकरी बघून ठेवा.

तोवर गावातच सुरुवात करायला हरकत नाही. सारख्या फवारणीच्या केळीबागेत कोळी कमी दिसतील, पण नाल्याकाठची निरगुडी, कुंपणाची बोर-बाभूळ, विहिरीचा कठडा आणि पडीक गोठा यांवर फवारा फारसा पोचत नाही. बाभळीवर मळकट कापसाच्या बोळ्यासारखं घरटं दिसलं आणि त्यात शे-दोनशे कोळी एकत्र नांदताना दिसले, तर ते गोल जाळीवाले नव्हेत. तो स्टेगोडायफस, समूहाने राहणारा कोळी. कार्श या जर्मन अभ्यासकाने १८९२ मध्येच त्याचं नाव ठेवलेलं आहे. पाहा, कौतुक करा, पुढे चला.

रात्री दुसऱ्याच्या शेतात टॉर्च घेऊन फिरणारा माणूस मोटारीची केबल चोरायला आलेला असतो, असा आपल्याकडे सर्वमान्य समज आहे. तो चुकीचा म्हणता येणार नाही. शेतीच्या लाईटची रात्रपाळी असली की शेतकरी पाणी द्यायला शेतातच असतो, आणि अंधारातून हाक येते, “काय धुंडी राहिनात भाऊ?” यावर ‘जैवविविधता’ हा शब्द अजिबात वापरू नका, त्याने संशय वाढतो. सरळ कोळी म्हणा, बाटली दाखवा, गाव आणि आडनाव सांगा. पाच मिनिटांत दादा स्वतःच्या बॅटरीने तुम्हाला दाखवतील की मोठं जाळं दरवर्षी कुठल्या दोन झाडांमध्ये लागतं, त्यात काय अडकतं आणि सकाळी ते का दिसत नाही. ही माहिती मोफत असते आणि बहुतेक वेळा बरोबर असते. तिची नोंद वहीत करा. शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानताना त्या दादांचं नाव घ्यायची रीत अजून पडलेली नाही, ती तुम्ही पाडू शकता.

बसा आणि बघा

बाटली काढायची घाई करू नका. अंधार पडता पडता जाळं विणायला घेणारी ॲरेनिडीतली एखादी निओस्कोना सापडली, तर तासभर खाली बसा. नंतर हजार पानं वाचूनही हे कळत नाही.

पहिला धागा ती वाऱ्यावर सोडून देते. तो समोरच्या फांदीला कुठेतरी चिकटला की ताणून पाहते आणि त्यावरून चालत जाते. मग चौकट, मग मध्यापासून चौकटीपर्यंत आरे. आरे झाल्यावर ती मध्यातून बाहेर जाणारी एक विरळ फिरकी घालते. हा धागा चिकट नसतो. ती नुसती परांची. खरं काम इथून पुढे उलट्या दिशेने सुरू होतं. बाहेरच्या कडेपासून आत येत ती चिकट फिरकी घालते : पुढच्या पायाने आधीचा वेढा चाचपायचा, मागच्या पायाने पोटाखालून धागा ओढायचा, आऱ्याला टेकवायचा, पुढचा आरा. टॉर्च तिरका धरला तर त्या धाग्यावर मण्यांसारखे चिकट थेंब ओळीने चमकताना दिसतात. परांचीचा धागा वाटेत येईल तसा ती कापत जाते. सगळं झालं की मधोमध खाली डोकं करून बसते. यातल्या कुठल्याही टप्प्यावर तिने मागे वळून पाहिलेलं नसतं. तिची दृष्टी तशीही बेताचीच. सगळा कारभार पायांच्या स्पर्शावर. पहाटे यातल्या बऱ्याच जणी जाळं गुंडाळून खाऊन टाकतात आणि पानाआड जाऊन बसतात. दिवसा गेलात तर तुम्हाला बांध रिकामा दिसतो तो यामुळे.

सुगरणीच्या खोप्याला आसोद्याच्या बहिणाबाई भेटल्या. निओस्कोनाला अजून कुणी भेटलेलं नाही, आणि तुम्हीही कविता करायला आलेला नाहीत. जाळ्याचा फोटो घ्या. धागे दिसत नसतील तर पाण्याचा बारीक फवारा मारा. जाळं उभं होतं की आडवं, जमिनीपासून किती उंच, मध्य वर होता की खाली, हे सगळं लिहून घ्या. कोळी बाटलीत गेला की जाळं संपलं.

ओळखीचे चेहरे

होतकरूंनी नव्या म्हणून जाहीर करू नयेत अशा काही मंडळींची ओळख करून घ्या. जाळ्यात पांढरी नागमोडी शिवण घालून पाय जोड्याजोड्यांनी पसरून बसलेली ती अर्जिओपी. ॲरेनिडीतली सगळ्यांत जास्त फोटो निघालेली बाई. पाठीवर माणसाच्या चेहऱ्यासारखी नक्षी असलेला हिरवट-पांढरा कोळी म्हणजे ॲरेनिअस मिटिफिकस. त्याला पाहून गावात देवाच्या साक्षात्काराची चर्चा होऊ शकते, पण सिमों या फ्रेंच माणसाला हा साक्षात्कार १८८६ मध्येच झालेला आहे. काटेरी, कठीण पाठीची ती गॅस्टराकँथा. जाळ्यात कचऱ्याची उभी ओळ रचून तिच्यातच कचरा होऊन बसणारी सायक्लोसा. आणि जाळं आडवं, बारीक, मऊसूत, पण त्यावर चिकट थेंब नाहीत असं दिसलं, तर कदाचित ते ॲरेनिडी कुळच नव्हे. युलोबोरिडी कुळातल्या कोळ्यांना गोल जाळं येतं, विष मात्र नसतं.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. एकाच बांधावरच्या एकाच प्रजातीच्या चार निओस्कोना चार रंगांच्या असू शकतात. रंगावरून नव्या ठरवलेल्या कितीतरी प्रजाती पुढे जुन्याच निघाल्या आहेत.

वयात आलेला आहे का?

तुमच्याकडचा कोळी पिल्लू असेल तर मार्गदर्शिका इथेच संपते. शेवटची कात टाकल्याशिवाय कोळ्यांच्या जननेंद्रियांची घडण पुरी होत नाही, आणि प्रजातीचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. नर ओळखायचा तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांवरून, म्हणजे पेडिपाल्पवरून. त्यांची टोकं मुष्टियुद्धाचे हातमोजे घातल्यासारखी फुगलेली असतात. मादी ओळखायची ती उलटी करून : पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात, एपिगाइन नावाची गडद, कठीण चकती. ती दिसली नाही तर पिल्लाला सोडून द्या. घरी आणून बाटलीत वाढवणारे लोकही आहेत. त्यांच्याकडे संयम असतो आणि बहुधा स्वतंत्र खोली असते.

चिठ्ठी

होतकरू मंडळी या कामाला सगळ्यांत कमी वेळ देतात, म्हणून आपण सगळ्यांत जास्त देऊ.

बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी जाते. आतच, कारण बाहेर चिकटवलेली चिठ्ठी एका पावसाळ्यात गळून पडते. मजकूर शिसपेन्सिलीने, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलात विरघळून जाते आणि तुमच्याकडे उरतो एक बेवारस कोळी. चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कुठल्या झाडावर, कोणी पकडला. ‘जळगाव’ एवढं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत सगळंच जळगाव. ही चिठ्ठी म्हणजे त्या कोळ्याचा सातबारा. तिच्याशिवाय त्याच्यावर कुणाचा दावा टिकत नाही, तुमचाही नाही.

चिठ्ठीचं मोल खानदेशाला तरी सांगायला नको. आपल्याच मातीत घडलेली रानपिंगळ्याची गोष्ट आहे. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडात मिळवलेल्या एका पिंगळ्याचं ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णन केलं आणि ब्लेविट यांचंच नाव त्याला दिलं. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे आणखी नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी गायब. मध्येच कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातला एक नमुना आडवा आला. चिठ्ठीवर ठिकाण गुजरातेतलं मांडवी, साल १९१४. साहजिकच पिंगळ्याचा शोध मांडवीकडे वळला. तिथे तो नव्हताच. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले आणि उघडकीला आलं की मांडवीचा म्हणून ठेवलेला पक्षी डेव्हिडसन यांच्याच नमुन्यांतून चोरलेला होता. तो उसवून पुन्हा शिवलेला होता आणि त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. मांडवीवर फुली मारल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. एका खोट्या चिठ्ठीने पक्षी कितीतरी वर्षं चुकीच्या जिल्ह्यात, चुकीच्या राज्यात ठेवला. कर्नलसाहेब चोरी करून असं करू शकले. तुम्ही निव्वळ आळसाने करू शकता.

तर पेन्सिलीला टोक काढा.

सूक्ष्मदर्शकाखाली

इथून पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईकाकांशी संबंध चांगले असणं गरजेचं आहे. किल्ली त्यांच्याकडे असते.

कोळ्याची मापं घ्यायची : शिरोवक्षाची लांबी-रुंदी, पोटाची लांबी-रुंदी, आणि प्रत्येक पायाची खंडाखंडाने मापं. फिमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस. एका बाजूचे चार पाय, प्रत्येकी पाच खंड, सगळे मिलिमीटरच्या दशांशांत. आठ डोळे दोन ओळींत. ॲरेनिडीत कडेचे डोळे जोडीजोडीने एकमेकांना खेटून आणि मधल्या चार डोळ्यांपासून लांब. हे सगळं तक्त्यात जातं आणि तो तक्ता फारसं कुणी वाचत नाही. तरी मापं चुकली तर तेवढीच वाचली जातात.

खरा मामला एपिगाइनचा. ती धारदार सुईने अलगद सोडवायची, वरचं मांस जावं म्हणून पोटॅशच्या पातळ द्रावणात किंवा लवंगेच्या तेलात ठेवायची, आणि पारदर्शक झाली की आतून पाहायची : वीर्य साठवणाऱ्या दोन पिशव्या, त्यांत जाणाऱ्या नळ्या, नळ्यांचे वळसे. बाहेरच्या अंगाला, विशेषतः ॲरेनिअस आणि निओस्कोनात, जिभेसारखा एक लोंबता भाग असतो, स्केप. त्याची रुंदी, टोक, कडेच्या खाचा यांवर अख्ख्या प्रजाती उभ्या आहेत. आता सावध राहा. काही प्रजातींत मिलनाच्या वेळी नर हा स्केप तोडून टाकतो, म्हणजे मादीला दुसरा नर मिळू नये. तुमच्या मादीला स्केप नसेल तर नवी प्रजाती जाहीर करण्याआधी तुटल्याची खूण शोधा. असूयेने केलेल्या मोडतोडीला लॅटिन नाव देऊ नये.

नराचा पेडिपाल्प याहून गुंतागुंतीचा. चित्र काढायचं तर रीत डाव्या पाल्पचं काढायची आहे. तुमच्याकडे नर नाही, त्यामुळे सध्या सुटलात.

दप्तरं

आता जुन्या कोळ्याच्या मागावर. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून दप्तरं धुंडाळत फिरले, १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात उभं आहे. कोळ्यांच्या कामात त्याच वृत्तीची गरज असते, फक्त वाळवी कमी.

प्राण्यांची शास्त्रीय नावं धरतात ती लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून. कोळ्यांपुरता मात्र अपवाद आहे : स्वीडनच्या कार्ल क्लर्कने १७५७ मध्ये छापलेली नावंही ग्राह्य. म्हणजे तुमचा शोध एक वर्ष आणखी मागे न्यायचा. मग थोरेलची लॅटिन वर्णनं, सिमोंची फ्रेंच, कोख आणि कार्श यांची जर्मन. मग स्टोलिच्का, पेशाने भूगर्भशास्त्रज्ञ. त्याने १८६९ मध्ये नाव दिलेली तंबूजाळ्याची सर्टोफोरा सिकाट्रोसा महाराष्ट्रात सर्रास दिसते. त्याने ती एपेरा या वंशात घातली होती, तेव्हा गोल जाळीवाले सगळेच एपेरात कोंबायची पद्धत होती. पुढे वंश बदलला म्हणून आज स्टोलिच्काचं नाव कंसात लिहितात. लेखकाच्या नावाभोवतीचा कंस दिसला की समजायचं, इथे घर बदललं आहे, आणि तुम्हाला जुन्या घरीही चौकशीला जायचं आहे.

मग पोकॉकचा १९०० चा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’तला खंड. आणि मग आपले बिनॉय कृष्ण टिकादर. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुण्याच्या केंद्रात त्यांनी काम केलं, पुढे संस्थेचे संचालक झाले, आणि १९८२ मध्ये ‘फॉना ऑफ इंडिया’त ॲरेनिडीचा खंड काढला. भारतात गोल जाळीवाल्यांवर काम करणाऱ्याला टिकादरांच्या उंबऱ्यावरून आत जावंच लागतं. रेखाचित्रं मोजक्या रेषांची आहेत. ती पाहून ‘हाच तो’ आणि ‘हा तो नव्हेच’ अशी दोन्ही उत्तरं एकाच संध्याकाळी मिळू शकतात. अशा वेळी मूळ नमुना पाहायला कोलकात्याला जावं लागतं. सोबत शेव, मुरमुरे आणि धीर घ्या.

हे सगळं साहित्य आता स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या ‘वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग’मध्ये घरबसल्या, फुकट वाचता येतं. राजवाड्यांना ही सोय असती तर त्यांना मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे आणखी किती खंड काढता आले असते, याचा हिशोब तुम्ही करा. एप्रिल २०२२ मध्ये या कॅटलॉगात कोळ्यांची पन्नासहजारावी प्रजाती दाखल झाली, ब्राझीलची. तुम्हाला त्या सगळ्या तपासायच्या नाहीत. तुमच्या वंशातल्या, आशियातल्या, आणि त्यांच्या शेजारपाजारच्या.

डीएनए

आता कुणीतरी सांगेल की हे जुन्या पद्धतीचं काम सोडा, एक पाय कापून ॲब्सोल्यूट अल्कोहोलात ठेवा आणि डीएनए करून टाका. ठेवा, जरूर ठेवा. सीओआय नावाच्या जनुकाची साडेसहाशेच्या आसपास अक्षरं मिळतील, ती डीएनएच्या साठ्यातल्या नोंदींशी ताडून पाहाल, आणि उत्तर येईल : जुळणी नाही. पेढे वाटू नका. भारतातल्या ज्या कोळ्यांना नावं आहेत त्यांतल्या असंख्य प्रजातींची अक्षरंच त्या साठ्यात नाहीत. जुळणी नाही याचा अर्थ जुना कोळी नाही असा होत नाही, जुन्या कोळ्याने अजून पाय दिलेला नाही असा होतो. परत दप्तरांकडे.

कायदा आणि कपाट

ज्या एका नमुन्यावर तुमच्या प्रजातीचं नाव कायमचं टांगलेलं राहणार, तो होलोटाइप. कोणता नमुना आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला हे छापलंच पाहिजे. नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही. तुमच्या घरचं कपाट हा संग्रह नव्हे, फ्रीज तर नव्हेच. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती सापडली तर तिची माहिती आणि नमुना नेमलेल्या संस्थेत द्यायचा असतो. झूलॉजिकल सर्व्हे ही तशी एक संस्था. पुण्याला आकुर्डीत तिचं केंद्र आहे. जळगावहून रात्रीच्या गाडीने निघाल तर बाटली मांडीवर ठेवून बसा आणि शेजाऱ्याला आत काय आहे ते सांगू नका. जागा मोठी मिळते म्हणून सांगावंसं वाटेल, तरीही नको.

बारसं

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केलात ते आता येतं. स्वतःचं नाव द्यायला नियमांत मनाई नाही, फक्त ते दिल्यावर त्या क्षेत्रात कुणी चहाला बोलावत नाही. पुरुषाच्या नावाला बहुधा शेवटी ‘आय’, स्त्रीच्या नावाला ‘एई’, गावाच्या नावाला ‘एन्सिस’. २६/११ च्या मुंबई हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना प्राण दिलेले सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या नावाने २०२१ मध्ये ठाणे परिसरातल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याचं नाव आयसिअस तुकारामी ठेवलं गेलं. २०१९ मध्ये दुसऱ्या एका उडीवाल्याचं नाव मारेंगो सचिनतेंडुलकर असं ठेवलं. तिथे प्रत्यय नाही, अख्खं नाव जसंच्या तसं. दोन्ही रीती चालतात.

गोल जाळीवाल्यांतलं सगळ्यांत गाजलेलं अलीकडचं बारसं एरिओव्हिक्सिया ग्रिफिन्डोरीचं. मुंबईचे जावेद अहमद आणि राजश्री खलप, आणि सुमुखा जवगल यांनी कर्नाटकातल्या पश्चिम घाटातून वर्णिलेला हा सातेक मिलिमीटरचा कोळी दिवसा वाळक्या पानासारखा लटकतो, आणि आकार हुबेहूब हॅरी पॉटरमधल्या त्या बोलक्या टोपीसारखा. म्हणून टोपीच्या मूळ मालकाचं, गॉड्रिक ग्रिफिन्डोरचं नाव. २०१६ च्या डिसेंबरात खुद्द लेखिका रोलिंगबाईंनी ट्विटरवर अभिनंदन केलं. बातमी जगभर गेली. स्केप, नळ्या आणि पिशव्यांबद्दल मात्र क्वचितच कुणी एक ओळ छापली.

तुमच्यापुढे खान्देशेन्सिस आहे, तापीएन्सिस आहे, बहिणाबाईएई आहे. पालकमंत्र्यांचं नाव सुचवणारे लोक भेटतील. त्यांना समजावून सांगा की नाव एकदा छापलं की बदलता येत नाही, पालकमंत्री मात्र बदलतात. मग ते स्वतःच आग्रह सोडतील.

छापणं

निबंध प्राणिवर्गीकरणाच्या बऱ्या नियतकालिकाला पाठवा. नुसता ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमध्ये नोंदणी आवश्यक. २०१२ पासूनचा नियम. परीक्षक सुधारणा सांगतील. दुसरा परीक्षक पहिल्याच्या उलट सांगेल. दोघांचे आभार माना.

पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी नियतकालिकंही आहेत. त्यांत छापलेलं नाव नियमाने टिकू शकतं, आणि तेच वाईट : चुकीचं वर्णनही मग पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला वाचून, तपासून, निकालात काढावं लागतं. तुम्ही ज्यांच्या नावाने दप्तरं धुंडाळताना बोटं मोडलीत, त्यांच्याच रांगेत जाऊन बसाल.

पेपरवाले आले

बातमीदाराला दोन गोष्टी आधी सांगा. कोळी कीटक नाही. पाय आठ आहेत, फोटोत मोजता येतात. आणि हा कोळी विषारी आहे का, या प्रश्नाला ‘माश्यांसाठी हो’ एवढंच उत्तर द्या. तरीही मथळा ‘जळगावात आढळला विषारी कीटक’ असा येऊ शकतो. कात्रण ठेवा. सत्काराला जाताना मूळ निबंधाची छापील प्रत न्या, कारण प्रास्ताविक करणारे सर तुमचा उल्लेख पक्षितज्ज्ञ असा करतील.

यानंतर

कॅटलॉग उघडा आणि तुमच्या प्रजातीची ओळ शोधा. नावापुढे, निबंधाच्या उल्लेखाजवळ, एकच खूण असेल : मादीची. नर अज्ञात. तुमच्या प्रजातीचं अर्धं वर्णन अजून बाकी आहे, आणि कुणी दुसऱ्याने आधी नर वर्णिला तर त्या ओळीवर पुढचं नाव त्याचं.

नर शोधताना मादी शोधण्याची सवय विसरा. वयात आल्यावर तो बहुधा शिकारीचं जाळं विणत नाही, मादीच्या मागे भटकतो. तो आकाराने पुष्कळदा इतका लहान असतो की गेल्या हंगामात तुम्ही तो पाहिलाही असेल, आणि जाळ्याच्या कडेला अडकलेलं चिलट समजून तसाच सोडून आला असाल. तेव्हा पोळा झाला की त्याच बांधावर, त्याच बोरीपाशी जा. या वेळी टॉर्च मधोमध बसलेल्या मादीवर धरू नका. जाळ्याच्या वरच्या कडेला, जिथून एखादा धागा बाजूच्या पानाकडे जातो, तिथे धरा आणि पेडिपाल्पची टोकं फुगलेली आहेत का ते भिंगातून पाहा. उशीर मात्र करू नका. मिलन आटोपल्यावर काही माद्या नराला गुंडाळून खाऊन टाकतात, आणि मग तुमच्या बाटलीत येतं ते एक न ओळखता येणारं गाठोडं.